चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील बाजारपेठांतील इमारती (१९४०–१९७०)

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील गावांच्या मुख्य रस्त्यांवर साधारणपणे १९४० ते १९७० या तीन दशकांत उभ्या राहिलेल्या दुकाने, पेढ्या, गुदामे व चित्रपटगृहे यांच्या इमारतींचा परिचय या लेखात दिला आहे. या काळात सागवानी खांब, कवेलूचे छप्पर आणि फळ्यांची दारे असलेले दुकान मागे पडून सिमेंटचा स्लॅब आणि लोखंडी शटर असलेले दुकान रूढ झाले. हा बदल केवळ आवडीनिवडीचा नव्हता. जंगलातील लाकूड, जमिनीखालचा कोळसा आणि चुनखडीपासून बनणारे सिमेंट या जिल्ह्यांच्या तीन साधनसंपत्तींचा क्रम त्यात उमटलेला दिसतो. घरभाडे, शेतमालाची खरेदी-विक्री आणि वनोपज यांविषयीच्या कायद्यांनीही या इमारतींचे आजचे रूप घडविले आहे.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे या लेखातील काळात दोन्ही जिल्हे मिळून एकच ‘चांदा’ जिल्हा होता. १९५६ पर्यंत तो मध्य प्रदेशात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. राजुरा तालुका मात्र पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील असून तो १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. १९६४ च्या सुमारास शहराचे व जिल्ह्याचे नाव चंद्रपूर असे झाले.

चंद्रपूर हे गोंड राजांचे राजधानीचे शहर. त्याच्या दगडी परकोटाला जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे व पाच खिडक्या आहेत. परकोटाच्या आत जटपुरा दरवाजापासून गांधी चौकाकडे जाणारा महात्मा गांधी मार्ग, त्याला साथ देणारा कस्तुरबा मार्ग, गोल बाजार आणि गंज वॉर्ड हा शहराचा जुना व्यापारी भाग होय. ‘गंज’ म्हणजे धान्याची पेठ. वॉर्डाच्या नावात तिची आठवण टिकून आहे.

व्यापाराला वेग आला तो रेल्वे आणि कोळशाच्या खाणींमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात वर्धा–वरोरा हा लोहमार्ग वरोऱ्याच्या कोळशासाठी टाकण्यात आला. पुढे तो चांदा व बल्लारशाहपर्यंत वाढला. १९२९ मध्ये काझीपेठ–बल्लारशाह मार्ग पूर्ण झाला आणि हा परिसर दिल्ली–मद्रास या मुख्य मार्गावर आला. पूर्वेकडील धानाचा प्रदेश नागभीडमार्गे जाणाऱ्या अरुंद मार्गिकेच्या रेल्वेने चांद्याला जोडला गेला होता. १९४५ मध्ये बल्लारपूर येथे कागद कारखान्याची स्थापना झाली आणि पगारावर जगणारा मोठा ग्राहकवर्ग बाजारात आला.

इमारतींचे प्रकार

लाकडी माडीचे दुकान

१९४० च्या आधीपासून चालत आलेला आणि १९५० च्या दशकापर्यंत बांधला जाणारा हा मूळ प्रकार होय. दुकानाची रुंदी कमी आणि खोली पुष्कळ असे. रस्त्यालगत हात-दीड हात उंचीचा ओटा, त्यावर छपरी, आत गादी-तक्क्याची बैठक, तिच्यामागे मालाची खोली, मग अंगण व विहीर आणि शेवटी राहते घर किंवा गुदाम, अशी मांडणी असे. माडी असल्यास ती बहुधा निवासासाठी वापरली जाई व तिची लाकडी कठड्याची गॅलरी रस्त्यावर झुके.

खांब, तुळया, वासे आणि पाटणीच्या फळ्या सागवानी असत. आलापल्लीच्या जंगलातील सागवान आपल्या प्रतीसाठी प्रसिद्ध आहे आणि बल्लारशाह येथील आगार हे त्याच्या विक्रीचे जुने केंद्र आहे. भिंती भाजक्या विटांच्या किंवा मातीच्या, जोते बहुधा दगडी, सांधे चुन्याचे व छप्पर देशी कवेलूचे असे. ऐपतदार मालक यंत्रावर घडविलेले ‘इंग्रजी कवेलू’ वापरीत. दुकान बंद करताना उंबरठ्यातील व वरच्या चौकटीतील खाचांत एकेक फळी सरकवून शेवटच्या फळीला अडसर व कुलूप लावीत. फळ्यांचा क्रम चुकू नये म्हणून त्यांवर आकडे घातलेले असत.

ही रचना हवामानाला धरून होती. चंद्रपुरात उन्हाळ्याचे तापमान अनेकदा ४६–४७ अंश सेल्सिअसवर जाते आणि पूर्वेकडे जावे तसा पाऊस वाढत जातो. खोल छपरीमुळे गादीवर ऊन व पावसाची झड येत नसे, कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा निघून जाई आणि ग्राहकाला उभे राहण्यास सावली मिळे. माळ्याचेही असेच प्रयोजन होते. पावसाळ्यात नद्या-नाल्यांमुळे दूरच्या गावांचे मार्ग बंद पडत. म्हणून मीठ, तेल, गूळ व कापड यांचा चार महिन्यांचा साठा मृगापूर्वी भरून ठेवावा लागे. जमिनीची ओल टाळण्यासाठी हा साठा माळ्यावर जाई.

संक्रमणकाळातील इमारत

१९४० ते १९६० या काळातील अनेक इमारतींत जुने व नवे एकत्र नांदताना दिसते. मागची बाजू लाकूड-कवेलूची आणि रस्त्याकडील दर्शनी भाग विटा-चुन्याचा, असे हे मिश्रण होते. तुळईऐवजी लोखंडी गर्डर किंवा जुने रूळ टाकून त्यांच्यामध्ये विटांच्या लहान कमानी भरीत आणि त्यावर चुन्याचा कोबा करीत. छप्पर उतरतेच राही. पण रस्त्यावरून ते दिसू नये म्हणून पुढे उंच कठडा उभारला जाई. या कठड्यावर गिलाव्यात उठविलेली अक्षरे, मालकाचे किंवा पेढीचे नाव, ‘श्री’, स्वस्तिक, कमळ आणि बांधकामाचे साल असे. काही ठिकाणी साल विक्रम संवताचे किंवा शकाचेही आढळते. स्वातंत्र्याच्या आसपासच्या इमारतींवर चरखा, अशोकचक्र किंवा तिरंगा या खुणा येऊ लागल्या.

सिमेंटची इमारत

१९५५ नंतर सपाट स्लॅब, सलग सज्जा आणि गोलाई दिलेले कोपरे असलेल्या इमारती दिसू लागल्या. मुंबईत १९३० च्या दशकात रूढ झालेल्या ‘आर्ट डेको’ शैलीचे हे उशिरा पोहोचलेले आणि साधे रूप होते. आडवे पट्टे, खिडक्यांवरील पातळ छज्जे, मध्यभागी उंचावलेला झेंड्याचा खांब, सिमेंटची जाळी आणि जिन्याजवळ रंगीत मोझॅक फरशी ही त्याची लक्षणे. फळ्यांची जागा गुंडाळत्या लोखंडी शटरने घेतली. चित्रपटगृहे, बँकांच्या शाखा आणि चौकातील कोपऱ्यांवरच्या इमारतींत ही शैली अधिक ठळक दिसते.

हे स्थित्यंतर संथ होते, कारण सिमेंटच्या विक्रीवर सरकारी नियंत्रण होते आणि ते परवान्यावर मिळे. जे थोडे मिळे ते स्लॅब, तुळया व सज्जा यांसाठी राखून भिंती चुन्यातच बांधल्या जात. आज अशा इमारतींची दुरुस्ती करताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते. चुन्याच्या भिंतीवर कडक सिमेंटचा गिलावा चढविल्यास आतली ओल बाहेर पडत नाही आणि भिंत पोपडे धरते.

बाजारपेठांनुसार वैशिष्ट्ये

चंद्रपूर – परकोटाच्या आतील मुख्य मार्गावर तिन्ही प्रकार शेजारी शेजारी उभे राहिले. परकोटाबाहेर जटपुरा दरवाजापलीकडे नागपूर मार्ग, मूल मार्गावरील बंगाली कॅम्प, दक्षिणेकडील बाबूपेठ आणि ताडोबा मार्गावरील तुकूम या उपनगरांत रस्त्याच्या कडेने पसरणारी नवी बाजारपेठ वाढली. तेथे जुनी लाकडी माडी विरळच. एकमजली, सपाट छताच्या, पुढे पत्र्याची पडवी असलेल्या दुकानांच्या ओळी हा तेथील नेहमीचा प्रकार होय. बंगाली कॅम्पच्या नावात पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहतीचा इतिहास आहे.

बल्लारपूर – येथील बाजार कागद कारखाना, कोळसा खाण आणि रेल्वे यांच्या पगारावर उभा राहिला. देशाच्या अनेक भागांतून कामगार आल्याने या गावाला ‘मिनी भारत’ म्हटले जाते. धान्याच्या मोठ्या अडतीपेक्षा किराणा, कापड, शिंपी, सायकल दुरुस्ती व खानावळ अशा लहान दुकानांच्या चाळी येथे अधिक होत्या.

वरोरा – पश्चिमेकडील काळ्या जमिनीचा, कापसाचा प्रदेश. त्यामुळे मुख्य रस्त्यावरील पेढ्यांबरोबर कापसाची मोठी आवारे आणि जिनिंगच्या उंच पत्र्याच्या इमारती आढळतात.

मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी – हा धानाचा, म्हणजेच झाडीपट्टीचा प्रदेश. येथे दुकानामागे धानाचे गुदाम आणि गावाच्या टोकाला राइस मिल अशी रचना दिसते.

वडसा (देसाईगंज) – लोहमार्गावर असल्यामुळे वैनगंगेच्या काठावरचे हे गाव मोठे व्यापारकेंद्र बनले. झाडीपट्टी रंगभूमीची नाटके ठरविण्याची कार्यालये येथील बाजारात थाटली जातात. दिवाळीपासून पुढे काही महिने गाळ्यांवर नाटकांचे रंगीत फलक झळकतात आणि खेड्यांतील मंडळे आपल्या गावचा प्रयोग ठरविण्यासाठी येतात. व्यापारी गाळ्याला मिळालेला हा हंगामी उपयोग या बाजारपेठेचे वेगळेपण आहे.

गडचिरोली – १९८२ पर्यंत हे तालुक्याचे गाव होते. चंद्रपूर, आरमोरी, धानोरा आणि चामोर्शी या चार दिशांचे रस्ते मिळतात तो इंदिरा गांधी चौक आज बाजाराचे केंद्र आहे. जिल्हा झाल्यानंतर येथे इमारती झपाट्याने वाढल्या; त्यामुळे विसाव्या शतकाच्या मध्यावरील दुकाने तुलनेने थोडी आहेत.

आलापल्ली, अहेरी, सिरोंचा – आलापल्लीला वनविभाग, अहेरीला जुनी जमीनदारी आणि सिरोंच्याला प्राणहिता–गोदावरीपलीकडील तेलुगू प्रदेशाशी असलेला व्यवहार यांनी बाजाराला आकार दिला. दक्षिणेकडील या गावांत लाकडी बांधणी अधिक काळ टिकली.

भाडेनियंत्रण आणि मालकी

या इमारतींपैकी पुष्कळशा भाडेकरूंच्या ताब्यात होत्या व आहेत. विदर्भात ‘मध्यप्रांत व वऱ्हाड घरे भाड्याने देणे व भाडेनियंत्रण आदेश, १९४९’ लागू होता. त्यानुसार भाडेकरूला जागा सोडण्याची नोटीस देण्यापूर्वी घरमालकाला भाडेनियंत्रकाची परवानगी घ्यावी लागे. त्यानंतर नोटीस आणि मग दिवाणी दावा, अशी लांबलचक वाट होती. राजुरा तालुक्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा भाडेनियंत्रण कायदा होता. ‘महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९’ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि राज्यातील जुने तिन्ही कायदे रद्द झाले. नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के भाडेवाढ मान्य केली. तसेच बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भागभांडवल असलेल्या कंपन्या यांना संरक्षणातून वगळले.

या तरतुदींचे परिणाम परस्परविरोधी झाले. भाडे गोठल्यामुळे मालकाला दुरुस्तीत रस उरला नाही. भाडेकरूलाही स्वतःच्या नसलेल्या भिंतीवर खर्च करणे परवडेना. कवेलू न फिरविल्याने पाणी मुरून वासे कुजले आणि माड्या ओस पडल्या. दुसऱ्या बाजूने, सहज रिकाम्या होत नसल्यामुळेच अनेक इमारती पाडल्या गेल्या नाहीत. लहान दुकानदार, शिंपी, घड्याळजी व पुस्तकविक्रेते यांना पिढ्यान्‌पिढ्या मुख्य रस्त्यावर टिकून राहता आले तेही याच संरक्षणामुळे. त्यामुळे जुन्या इमारतीच्या जतनाचा प्रश्न विचारताना तेथे पोट भरणाऱ्या भाडेकरूच्या हक्काचा प्रश्नही विचारात घ्यावा लागतो. वारसांमध्ये विभागलेली मालकी आणि शहरी भागातील नझूल जमिनींचे भाडेपट्टे यांनी ही गुंतागुंत आणखी वाढविली आहे.

बदलाची कारणे

व्यापाराचे स्थलांतर – महाराष्ट्र कृषी उत्पन्न खरेदी-विक्रीविषयक १९६३ च्या कायद्याने शेतमालाचे लिलाव बाजार समित्यांच्या आवारात नेले. मुख्य रस्त्यावरील अडतीच्या पेढ्यांचे काम त्यामुळे घटले आणि मागची गुदामे रिकामी पडली.

वनोपजाचे नियमन – तेंदूपत्ता व इतर वनोपजाच्या व्यापाराचे नियमन करणारा कायदा १९६९ मध्ये झाला. पुढे आदिवासी विकास महामंडळाच्या मार्फत एकाधिकार खरेदी सुरू झाली. वनहक्क कायद्यानंतर काही ग्रामसभा बांबू व तेंदूची विक्री स्वतः करू लागल्या. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. मोहफूल, हिरडा, डिंक व लाख साठविणाऱ्या खासगी पेढ्यांचे महत्त्व यामुळे ओसरले. वनवासी संग्राहकाच्या दृष्टीने हा लाभच होता. बाजारातील गुदामांच्या दृष्टीने मात्र ती अखेर ठरली.

लाकूड महाग, सिमेंट स्वस्त – महाराष्ट्र वनविकास महामंडळाची स्थापना १९७४ मध्ये झाली आणि १९८० चा वनसंवर्धन कायदा आला. बांधकामाचे सागवान सामान्य दुकानदाराच्या आवाक्याबाहेर गेले. याच सुमारास जिल्ह्यातच सिमेंट तयार होऊ लागले. घुग्घुसजवळचा चांदा सिमेंट कारखाना, आवारपूर आणि गडचांदूरचे कारखाने यांनी चंद्रपूरला सिमेंटचा जिल्हा अशी ओळख दिली. १९८२ मध्ये सिमेंटवरील नियंत्रण अंशतः आणि १९८९ मध्ये पूर्णतः उठले.

लोकसंख्या व जमिनीची किंमत – १९८३ पासून चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राचे संच कार्यान्वित होत गेले. कोळसा खाणीही विस्तारल्या. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे ३ लाख २० हजार झाली आणि त्याच वर्षी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. एकमजली दुकानापेक्षा त्याखालची जमीन अधिक मोलाची ठरली.

सद्यस्थिती

आज या रस्त्यांवर तीन प्रकारची दृश्ये दिसतात. काही ठिकाणी जुनी इमारत पाडून तळघर व गाळ्यांचे व्यापारी संकुल उभे राहिले आहे. काही ठिकाणी खालचे दुकान पूर्णपणे नवे, काचेचे व वातानुकूलित आहे. पण वरची माडी बंद आहे. पहिल्या मजल्याकडे नजर टाकल्यास लाकडी कठडा, झिजलेली अक्षरे किंवा बंद खिडक्या दिसतात. तिसऱ्या प्रकारात संपूर्ण दर्शनी भाग धातूच्या पत्र्यांनी किंवा फ्लेक्सच्या फलकांनी झाकलेला असतो आणि मूळ भिंत त्यामागे तशीच असते.

गिलाव्यात घडविलेली देवनागरी अक्षरे हा या इमारतींचा सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरी लिपीत असाव्यात यासाठी राज्याने २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. त्याआधी सहा-सात दशके मुख्य रस्त्यावर हाताने कोरलेली मराठी अक्षरे होतीच. अनेक ठिकाणी नव्या फलकांनी तीच झाकली गेली आहेत.

छपरी नाहीशी होणे हा पादचाऱ्याला जाणवणारा मोठा बदल होय. पूर्वी ओट्यावर विसावणारा ग्राहक आता उघड्या रस्त्यावर उभा राहतो. उरलेल्या ओट्यांपैकी काही अतिक्रमण ठरून काढले गेले, तर काही दुकानातच सामावले गेले.

जतन

चंद्रपूरच्या परकोटाला व दरवाजांना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे संरक्षण आहे. २०१७ मध्ये इको-प्रो या स्वयंसेवी संस्थेने परकोटाच्या स्वच्छतेचे अभियान हाती घेतल्यानंतर शहराच्या वारशाकडे देशभर लक्ष वेधले गेले. केंद्राच्या १९५८ च्या कायद्यानुसार प्राचीन वास्तू ठरण्यासाठी किमान शंभर वर्षांचे अस्तित्व लागते. त्यामुळे १९५० मध्ये बांधलेली पेढी २०५० पूर्वी या व्याख्येत बसणार नाही. अशा इमारतींसाठी स्थानिक विकास नियमावलीतील वारसा यादी हाच कायदेशीर मार्ग राहतो.

या कायद्यातील २०१० च्या दुरुस्तीचा मात्र अप्रत्यक्ष परिणाम झाला आहे. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित आणि त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र नियंत्रित असते. परकोटालगतच्या मालकांना नवे बांधकाम करता येत नाही आणि दुरुस्तीसाठीही परवानगी लागते. रहिवाशांना ही अट जाचक वाटते. परंतु दरवाजांजवळच्या काही जुन्या इमारती उभ्या राहण्यात तिचा वाटा आहे. परवानगीअभावी दुरुस्ती लांबल्यास त्याच इमारती धोकादायकही बनतात.

कालनिश्चितीच्या खुणा

इमारतीवर साल नसल्यास पुढील खुणांवरून तिचा काळ अंदाजाने ठरविता येतो. एकच खूण पुरेशी मानू नये. दोन-तीन खुणा जुळल्यास अंदाज अधिक विश्वसनीय ठरतो.

• दर्शनी अक्षरांत गावाचे नाव ‘चांदा’ असल्यास इमारत बहुधा १९६४ पूर्वीची असते. मात्र चांदा फोर्ट रेल्वे स्थानक, चांदा आयुध निर्माणी अशा संस्थात्मक नावांत जुना शब्द आजही चालू आहे.
• पत्त्यात ‘मध्यप्रांत’ किंवा ‘सी. पी.’ असल्यास लेखन स्वातंत्र्याच्या आसपासचे किंवा त्याआधीचे समजावे.
• उंबरठ्यात फळ्यांची खाच असून वर शटर असल्यास शटर नंतर बसविलेले आहे.
• स्लॅब सिमेंटचा आणि भिंतींचे सांधे चुन्याचे असल्यास इमारत सिमेंट नियंत्रणाच्या काळातील असण्याचा संभव अधिक.
• गोलाई दिलेला कोपरा, आडवे पट्टे आणि झेंड्याचा खांब ही १९५० व १९६० च्या दशकांची लक्षणे होत.

विक्रीखते, नगरपालिकेच्या मालमत्ता कराच्या नोंदी, नझूलचे नकाशे आणि दुकानातील जुनी वहीखाती यांच्या आधारे हा अंदाज पडताळता येतो. इमारत पाडली जाते तेव्हा ही कागदपत्रेही बहुधा रद्दीत जातात. म्हणून शाळा-महाविद्यालयांच्या स्थानिक इतिहासविषयक प्रकल्पांसाठी छायाचित्रे, मोजमापे आणि वृद्ध दुकानदारांच्या आठवणी यांची नोंद करणे हे कमी खर्चाचे व तातडीचे काम ठरते.

हेही पाहा

• चंद्रपूर
• चंद्रपूरचा किल्ला
• बल्लारपूर
• देसाईगंज
• झाडीपट्टी रंगभूमी
• महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९